तहानलेली कमान

१

चोरीला गेला होता एक दगड.

हिरा नव्हे, माणिक नव्हे. काळा, घडीव, दाराच्या फळीएवढा, चार माणसांच्या कमरा मोडेल इतका जड दगड. आणि तो गेला जमिनीच्या पोटातून. भुयारी रेल्वेचं जुनं स्टेशन नव्याने सजवायला बंद ठेवलं होतं. आत यायला एक फाटक, बाहेर जायला तेच. फाटकावरचा म्हातारा फौजी छातीवर हात ठेवून सांगत होता, राडारोड्याच्या ट्रकशिवाय बाहेर काही गेलेलं नाही.

म्हणून ट्रकवाला कोठडीत. झालं, मिटलं.

मी रेल्वेच्या चौकशी खात्यात आहे. माझ्याकडे येणारं प्रकरण बहुतेक वेळा वरच शिजून, वाढून, झाकण घालून येतं. मी फक्त चव छान आहे म्हणायचं असतं. स्टेशनच्या कामाचे प्रमुख, ज्यांना सगळे मोठे साहेब म्हणतात, त्यांनी फोनवर तेच ऐकवलं.

"बाई, सोपं काम आहे. ट्रकवाल्याने दगड नेला. तुमचा अहवाल आज संध्याकाळी मिळाला की त्याच्यावर खटला भरतील. परवा उद्घाटन आहे, मला घोळ नकोय."

"दगड मिळाला?"

"त्याचे तुकडे मिळतील भरावात. जा, बघा."

फाटकाशी एक बाई उकिडवी बसली होती. मला पाहून उठली.

"चौकशीवाल्या तुम्हीच का? मी त्या ट्रकवाल्याची बायको. माझ्या नवऱ्याला अख्खी वस्ती भोंगा म्हणते. गल्लीत शिरायच्या आधी हॉर्न, शिरल्यावर तोंड. झोपेतसुद्धा बडबडतो मेला. आणि कोठडीत गेल्यापासून एक शब्द नाही! 'नेला' म्हणत नाही, 'नाही नेला' म्हणत नाही. बाई, चोर असता तर शंभर शपथा घेतल्या असत्या त्याने. खटला उभा राहिला की लायसन गेलं, नोकरी गेली. पुढे आम्ही काय करायचं?"

"बघते."

"'बघते' तर सगळेच म्हणतात. तुम्ही खरंच बघा."

मी जिना उतरले. हे स्टेशन मला लहानपणापासून ठाऊक. काजळी धरलेलं छत, ओल, पिवळट दिवे आणि माणसांना न घाबरणारे उंदीर. तोंडाला पदर लावायच्या तयारीनेच मी शेवटची पायरी उतरले, आणि हात तसाच अधांतरी राहिला.

जमिनीखाली सकाळ झाली होती.

दोन्ही बाजूंना कमानी, वर एकसंध घुमट, सगळं पांढरं. चुन्याचं नव्हे, दवाखान्याचंही नव्हे. अंड्याच्या कवचात आतून उजेड शिरावा तसं पांढरं. दिवे मोजकेच, तेही लपवलेले, पण उजेड कुठून येतो ते कळत नव्हतं. सावली पडत नव्हती. मी स्वतःचे हात पालथे-उलथे करून पाहिले. पंचवीस वर्षं कागद चिवडणारे हे हात इतके स्वच्छ मला कधी दिसले नव्हते. सरकारी कामाला मी आयुष्यभर शिव्या घातल्या आहेत आणि पुढेही घालीन, पण तिथे एकही शिवी सुचली नाही.

मग माझ्यातली चौकशीवाली जागी झाली. या पांढऱ्यात दाराएवढा काळा दगड लपवायचा म्हणजे दुधात कोळसा लपवायचा. कुणी आंधळाही शोधून काढील.

तरी तो तिथे नव्हता.

२

"काय होतं इथे आधी, आठवतं का?" मागून आवाज आला.

"आठवतं. उंदीर."

तो हसला. काटकुळा, कानावर पेन्सिल, चष्म्यावर पांढरी धूळ. स्टेशनचा आराखडा याचाच. मजूर त्याला नकाशेवाले म्हणत.

"हा रंग नाहीये, बाई. रंग लावला की दोन वर्षांत पापुद्रे. हे पांढरं सिमेंट आणि संगमरवराची पूड. गिलावाच आतपर्यंत पांढरा आहे. पूर्वीच्या निम्मेही दिवे लागत नाहीत आता. एक दिवा लावायचा, मग भिंतीच तो उजेड एकमेकींना देत बसतात."

"आणि काळा दगड?"

त्याने चष्मा काढला. "काळा दगड उजेड गिळतो. इथून हलवा असं मीच म्हटलं. खोटं कशाला बोलू?"

"म्हणजे तुम्हाला तो नकोच होता."

"इथे नको होता! वर, जिन्याच्या तोंडाशी, उन्हात जागा काढली होती मी त्याला. ती माणसं अंधारात गेली, त्यांची नावं तरी उजेडात असावीत. नकाशात आहे ती जागा. मोठ्या साहेबांनी तिथे जाहिरातीचा पडदा बसवला."

"कोणती माणसं?"

तेव्हा त्याने सांगितलं. फार वर्षांपूर्वी हे भुयार खणताना छत कोसळलं. खाली खणणारे होते, ते खालीच राहिले. तेव्हाच्या ठेकेदाराला त्यांची नावं ठाऊक नव्हती. तो मजूर मोजायचा, ओळखायचा नाही. मग जे वाचले त्यांनीच दगड आणला आणि आपण एकमेकांना ज्या हाकेने बोलवायचो ती हाक कोरली. बोटाचं पेर आत जाईल इतकी खोल.

"कंदीलवाला," नकाशेवाला म्हणाला. "बुटका. गाणारा. मोठी. मोठीचा धाकटा."

"आडनावं?"

"नाहीत. 'मोठीचा धाकटा', बस. बहीण-भाऊ असणार."

आजवर मेलेल्यांच्या कितीतरी याद्या मी वाचल्या, एकाही नावाने मला हाक मारली नव्हती. यांनी मारली.

"साहेबांना ही नावं पसंत नव्हती," तो म्हणाला. "'पाहुणे हसतील' म्हणाले. 'सध्या कोठीत ठेवा.' म्हणून आम्ही दगड उतरवला आणि फलाटाच्या टोकाला हातगाडीवर ठेवला. जेवायच्या सुट्टीत मी वर गेलो. परत आलो तर हातगाडी तिथेच, दगड गायब. मला वाटलं, कोठीत गेला असेल. भोंग्याचा ट्रक तेवढ्यात भरून निघून गेला होता."

"सुट्टीत खाली कोण होतं?"

"अक्का आणि तिची गवंड्यांची टोळी. पांढरा गिलावा अर्ध्यात सोडून उठता येत नाही, सांध्याची रेघ दिसते. ते आळीपाळीने जेवतात."

"कोण ही अक्का?"

त्याने घुमटाकडे बोट दाखवलं. "हे सगळं जिने केलं ती."

तेवढ्यात माझ्या अंगावर पाण्याचा फवारा आला.

३

"मध्ये उभं राहायची हौस असेल तर छत्री आणायची!" पाइप हातात धरलेली बाई ओरडली. उंच, हाडापेराने मजबूत, कोपरापर्यंत पांढरी. पाइपचं तोंड तिने जराही बाजूला केलं नाही.

"मी चौकशीवाली आहे."

"मी भिंतवाली आहे. हात धुतलेत का? नाही? मग कशालाही हात लावू नका. आमच्या पोरांना मी लोखंडी थापीसुद्धा आणू देत नाही, तिची काळी रेघ उठते. तुमच्या बोटांची शाई त्याहून वाईट."

"दगड कुठे गेला, अक्का?"

"मला काय विचारता? आमचं तोंड भिंतीकडे होतं."

"सगळ्यांचं?"

"गवंड्याचं तोंड भिंतीकडेच असतं. पाठीमागे काय चालतं ते बघायला साहेब लोक असतात." आणि पुन्हा पाणी. "नव्या भिंतीला पाणी म्हणजे तान्ह्याला दूध. चुकवलं की अंगावर येतं. रोज पाजते, सणावाराला, तापात, कधी चुकले नाही."

पाण्यापासून पळत मी फलाटाच्या दुसऱ्या टोकाला गेले. एकेका कमानीत एकेक बाक बसवला होता. प्रत्येक बाक कमानीच्या आत असा चपखल की काठ काठाला मिळालेला. शेवटच्या कमानीतल्या बाकावर मात्र माझी नडगी आपटली. डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"सुताराचं माप चुकलं वाटतं," नकाशेवाला लांबूनच दिलगिरीने म्हणाला. "तो एक बाक वीतभर पुढे येतोय."

"तुमच्या सुताराला माझी नडगी दाखवा," असं म्हणत मी खाली बसले. सगळा फलाट ओलाचिंब, तिथे मात्र छान कोरडं होतं. चपला झटकल्या, तर बारीक पांढरी पूड उडाली. पाय पुसून मी कोठीकडे निघाले.

कोठीवाले काका स्टुलावर बसून कपाच्या तळाशी उरलेला चहा हलवत होते.

"दगड? माझ्याकडे येणार होता? मला कुणी बोललंच नाही. इथे उंदराला शेपूट ठेवायला जागा नाही, दगड कुठे ठेवू? मांडीवर?"

"साहेबांनी तुम्हाला जागा करायला सांगितलं नाही?"

"साहेब इकडे येतात का? दगडाची आठवण तरी त्यांना कधी झाली? त्या मयतांची नातवंडं विचारायला आली, की उद्घाटनाला आम्हाला फुलं वाहायची आहेत, दगड कुठे लावलाय? तोवर कुणाच्या गावीही नव्हतं. ते आले आणि मग लगेच चोरी झाली."

"लगेच चोरी झाली, की लगेच चोरीची तक्रार झाली?"

काकांनी कप खाली ठेवला. "बाई, मला निवृत्त व्हायचंय, नोकरीवरून जायचं नाहीये."

हे उत्तर मला पुरलं. आता ते तुकडे बघायचे होते.

४

भरावाची जागा म्हणजे शहराने ओकून टाकलेलं सगळं. पोलीस हवालदाराने पोत्यावर मांडून ठेवलेले काळे तुकडे मला दाखवले. लग्नातला रुखवत दाखवावा इतक्या कौतुकाने.

"घ्या पुरावा. भोंग्याच्याच ट्रकमधून पडलेत. कबूल करायचं तेवढं बाकी आहे."

मी खाली बसून एकेक तुकडा उलटला. दगड काळाच होता, त्याच खाणीतला असावा. पण एकाही तुकड्यावर अक्षर नव्हतं. काना नाही, मात्रा नाही, साधी रेघ नाही. उलट बऱ्याच तुकड्यांची एक कड गोल, गुळगुळीत झिजलेली. लाखो पावलं घासल्याशिवाय दगड असा झिजत नाही.

"हवालदार, हा जुन्या फलाटाचा काठ आहे. सगळ्या राडारोड्यात हाच निघणार."

"म्हणजे पुरावा नाही?"

"पायऱ्या करायला चांगला आहे. घरी न्या."

परतताना डोक्यात एकच गोष्ट टोचत होती. चोर दगड नेईल तर अख्खा नेईल. अख्ख्याला गिऱ्हाईक असतं, तुकड्यांना कुत्रंही विचारत नाही. मग भरावात तुकडे मिळतील, हे मोठ्या साहेबांना कुणी सांगितलं? मी तिथे जायच्या आधी, सकाळीच?

कोठडीत भोंगा भिंतीला टेकून बसला होता. दांडगा माणूस, मोठ्या मिशा, हातावर वंगणाचे डाग. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि ओठ असे मिटले, जणू आत काही सांडेल.

मी त्याला हवामान विचारलं, ट्रकचं विचारलं, बायकोच्या शिव्या जशाच्या तशा ऐकवल्या. मिशी हलली, तोंड उघडलं नाही. शेवटी मी उठले. दारात थांबले आणि खोटं बोलले. चौकशीत खोटं बोलायची मला लाज वाटत नाही. समोरचे सगळे तेच करत असतात.

"तुझा दगड सापडला रे. भरावात. चुरा झालाय, एकही नाव राहिलं नाही."

निर्दोष माणूस म्हणाला असता, मला काय माहीत. चोर असता तर घाबरला असता. आणि त्या नावांसाठी जीव तुटणारा असता तर रडला असता.

भोंगा हसला.

पोटातून, खदाखदा. सुटका झाल्यासारखा. मग त्याने पटकन तोंडावर हात दाबला. पण उशीर झाला होता. त्या हसण्याने मला सांगितलं होतं की दगड अख्खा आहे, आणि कुठे आहे ते या माणसाला ठाऊक आहे.

५

टॅक्सीत बसले आणि नडगी ठणकली. मी ती चोळायला वाकले, आणि हात तिथेच थांबला.

सगळे बाक सारखे. सुताराने एकाच साच्यातून काढलेले. मग एकच पुढे कसा येईल? बाक मोठा नव्हता. कमान उथळ झाली होती! तिच्या मागच्या भिंतीवर काहीतरी चढलं होतं, वीतभर जाडीचं.

आणि मी पाय कुठे पुसले? ओल्या फलाटावरच्या एकमेव कोरड्या जागेत. तापातसुद्धा भिंतीला पाणी न चुकवणारी बाई एकच कमान तहानलेली का ठेवेल? विसरली असेल? छे. मला भिजवायला ती विसरली नाही.

पाणी मारलं तर काहीतरी दिसेल अशी तिला भीती होती. काय दिसेल, ते मात्र मला कळत नव्हतं.

मी भोंग्याच्या बायकोला बरोबर घेतलं आणि जिना उतरले. खाली चाचणीच्या गाडीची तयारी चालली होती. मोठे साहेब आलेले. गुबगुबीत, अंगाला अत्तर, पांढऱ्या घुमटाखाली असे उभे जणू स्वतःच्या हाताने थापलाय. त्यांनी घड्याळाकडे पाहिलं.

"अहवाल झाला?"

"एक सही राहिलीये. अक्का, पाइप द्या."

अक्काचा चेहरा पहिल्यांदा हलला. "कशाला?"

"शेवटची कमान उपाशी आहे. पाजते."

ती माझ्या वाटेत उभी राहिली. तिच्यामागे तिची टोळी. तिने अगदी हळू, फक्त मला ऐकू येईल असं म्हटलं, "परवापर्यंत थांबा, बाई. परवा स्टेशन सुरू होईल, लोक येतील. मग ही भिंत फोडायची कुणाची हिंमत होणार नाही. भोंग्याने तेवढ्यासाठी तोंड शिवलंय."

"परवा खूप उशीर होईल. आज संध्याकाळी त्याच्यावर खटला उभा राहतोय," मी म्हटलं. "आणि मी फोडायला आले नाही."

तिने माझ्या डोळ्यांत पाहिलं. मग पाइप माझ्या हातात न देता स्वतःच उचलला. "तुम्ही वाकडंतिकडं माराल," असं पुटपुटत तिने कमानीला वरपासून खालपर्यंत पाणी पाजलं. भिंत घटाघटा प्यायली. पांढऱ्याचं राखाडी झालं, एकसारखं, वेगळं असं काही नाही.

"झालं समाधान?" साहेब म्हणाले. "बाई, तमाशा पुरे."

तेवढ्यात हवा खेळवणारे मोठे पंखे सुरू झाले आणि भुयाराच्या आतून गाडीची घरघर ऐकू आली. गाडीच्या आधी तिचा वारा आला, बोगद्यातला सगळा वारा पुढे ढकलत. आमचे कपडे फडफडले. पहिली गाडी पांढऱ्या स्टेशनात शिरली, तिच्या काचांतून तो उजेड आरपार गेला, पण तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

भिंत वाळत होती. आणि सगळीकडे सारखी वाळत नव्हती.

आधी मधोमध एक चौकोन उजळला. दाराच्या फळीएवढा. दगडाभोवती रचलेली वीट पाणी धरून राहिली, पण दगड पाणी पीत नाही, म्हणून त्याच्यावरचा पातळ गिलावा आधी कोरडा झाला. मग त्या पांढऱ्या चौकोनात काही जागा तशाच राखाडी राहिल्या. एक उभी रेघ. एक वळण. जिथे जिथे दगडात खोल खाच होती, तिथे गिलावा जाड बसला होता, आणि तिथलं पाणी सुकायला तयार नव्हतं.

वर आडवी रेघ आली. खाली अक्षरं लटकली.

कंदीलवाला.

बुटका. गाणारा. एकेक नाव भिंतीच्या आतून वर येत होतं, काळोखातून माणूस चालत येताना दिसावा तसं. आधी असल्यासारखं, मग खरंच. कुणी कोरत नव्हतं, कुणी लिहीत नव्हतं. ओलीने ती नावं धरून ठेवली होती. गाडीचा चालक खाली उतरून डोक्यावरची टोपी हातात घेऊन उभा राहिला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

भोंग्याची बायको पुढे झाली. "मोठी," तिने वाचलं. मग जोरात, "अहो, ही मोठी! ही ह्यांची पणजी! घरात सगळे मोठीच म्हणतात, खरं नाव कुणालाच माहीत नाही. आणि हा तिचा धाकटा..."

तिने हात पुढे केला आणि अक्काकडे पाहिलं.

"लाव," अक्का म्हणाली. "तुला हात धुवायची गरज नाही."

६

"फोडा ती भिंत!" मोठे साहेब ओरडले.

एकही गवंडी हलला नाही. चालकसुद्धा.

मी त्यांना बाजूला घेतलं नाही. सगळ्यांसमोरच बोलले, कारण दार लावून बोललेलं नंतर कुणी बोललंच नव्हतं असं होतं.

"साहेब, दगड कोठीत ठेवा असं तुम्ही नकाशेवाल्यांना सांगितलंत. कोठीवाल्या काकांना मात्र त्याचा पत्ताही नाही. म्हणजे कोठीत तो कधी जाणारच नव्हता. अक्काला काय सांगितलंत?"

"जेवायच्या सुट्टीत फोडा म्हणाले," अक्का म्हणाली, "आणि तुकडे भोंग्याच्या ट्रकमध्ये भरा."

"बरोबर. म्हणून सकाळी मला भरावात तुकडे शोधायला पाठवलंत. तुमच्या हिशेबाने ते तिथे असायलाच हवे होते. त्याच्या आधीच नातवंडं फुलं घेऊन येणार असं कळलं होतं, आणि फोडल्याचं सांगता येईना, तेव्हा चोरी झाली. चोर तयारच होता, तुकडे त्याच्याच ट्रकने गेले असं तुम्हाला वाटत होतं. त्याने तोंड उघडलं नाही हे तुमचं नशीब. पण तुमच्यासाठी नाही, पणजीसाठी गप्प बसला तो."

साहेबांच्या मानेवर घाम आला. त्या भुयारात तो फार स्वच्छ दिसला.

"दोन अहवाल लिहिता येतात," मी म्हटलं. "एक, दगड स्टेशनच्या हद्दीबाहेर गेलाच नाही, भिंतीत सुरक्षित आहे, तक्रार गैरसमजातून झाली, ती आत्ता मागे घेतली. दुसरा, जे मी आत्ता बोलले ते सगळं. कुठल्या कागदावर सही करता?"

त्यांनी पहिल्यावर केली. पहिला निवडणारेच असतात ते.

साहेब जिना चढून गेले. नकाशेवाला मात्र भिंतीपुढून हलला नव्हता. नावं आता पुसट व्हायला लागली होती. मोठीचा धाकटा सगळ्यात शेवटी गेला, बहिणीचं बोट सोडवत नसल्यासारखा. भिंत पुन्हा कोरी पांढरी झाली.

"अक्का," तो लहान आवाजात म्हणाला, "परत एकदा पाणी माराल?"

"का? नापसंत असेल तर सांगा. गिलावा काढून देते, दगड मोकळा करते."

"नको. मी या जागी उजेड हवा म्हणून भांडलो आणि दगडाला बाहेर काढलं. आज उजेडातूनच तो वर आला. असाच राहू दे."

अक्काने पाइप उचलला. मी तिच्या शेजारी गेले आणि भिंतीवर बोटाच्या पेराने टकटक केली. आवाज बद्द आला, पोकळ.

"हे काय, अक्का? गुळगुळीत दगडावर गिलावा धरायला आधी छिन्नीने टाचे मारतात ना? तुमची पोरं सकाळी दुसरीकडे मारत होती. इथे नाही मारले."

"त्या नावांवर छिन्नी चालवू?"

"मग हा गिलावा टिकणार नाही."

"नाहीच टिकणार." ती पाणी मारत राहिली. "आयुष्यात पहिल्यांदा कच्चं काम केलं, तेही जाणूनबुजून. गाड्या धडधडतील, भिंत हादरेल. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी एक दिवस हा सगळा पापुद्रा आपणहून गळून पडेल. तोवर हा साहेब गेलेला असेल. मीही असेन नसेन. खाली दगड अख्खा असेल. कुणाची परवानगी लागणार नाही."

मी त्या भिंतीकडे बघत राहिले. लोक काम टिकावं म्हणून जीव टाकतात. या बाईने गळून पडायचा मुहूर्त भिंतीत थापून ठेवला होता.

"तुमचं कोण आहे यात, अक्का?"

"कुणी नाही." तिने पाइपचं तोंड बोटाने दाबलं, धार पसरली. "सकाळपासून माझ्यामागे फिरताय. माझं नाव विचारलंत?"

मी नव्हतं विचारलं.

"मग? उद्या हा घुमट माझ्या डोक्यावर आला तर दगडावर काय लिहाल? अक्का. एवढंच. हे माझेच लोक आहेत."

उद्घाटनाच्या दिवशी भोंगा आला. बायकोने घासूनपुसून आणलेला, मिशीला तेल. वाटेत त्याने कोठडीतले सगळे दिवस भरून काढले होते, फौजी सांगत होता की जिन्याच्या वरपर्यंत आवाज येत होता. नातवंडं फुलं घेऊन उभी होती. नकाशेवाल्याने जाहिरातीच्या पडद्यासाठी पुन्हा भांडण काढलं होतं, ते अजून चालूच आहे.

अक्काने भिंतीला पाणी पाजलं. गाडी आली, वारा आला. पाहुणे होते, बँडवाले होते, पहिल्या गाडीसाठी रेटारेटी करणारे लोक होते. सगळं हळूहळू शांत होत गेलं, आणि त्या पांढऱ्यातून ती नावं एकेक करून वर आली. कुणी हसलं नाही.

भोंग्याने पणजीसमोर उभं राहून तोंड उघडलं. काहीतरी म्हणायचं होतं त्याला. मग ते तसंच मिटलं, आणि नावं वाळून जाईपर्यंत मिटलेलंच राहिलं.